उंच फाळका

आमच्या घरातले दोन पुरुष एका गाडीवरून दीड वर्ष भांडले. त्या दीड वर्षातला कुठलाही दिवस आठवला तरी माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते. एक माझा नवरा, दुसरे त्याचे थोरले भाऊ. भांडण काय, तर डोंगर चढणारी पिकअप कंपनीतूनच तयार होऊन आलेली घ्यावी, की घरात असलेली साधी पिकअप बाहेर मेस्त्रीकडून तयार करून घ्यावी. जेवताना तेच, चहाला तेच, लग्नघरी पंगतीत बसल्यावरही तेच. पोटच्या पोरांच्या शाळेबद्दल हे दोघे कधी इतकं बोलले नाहीत.

पेडणे तालुक्यात आमची काजूची टेकडी आहे. गोवा मुक्त झाल्यावर सासऱ्यांनी तिच्यावर बैलगाडीपुरती वाट फोडली. पुढे बैल गेले, पिकअप आली, वाट मात्र तशीच राहिली. सुटी लाल खडी आणि मध्येच जांभ्या दगडाचे गुळगुळीत पट्टे. खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाला आमची फेणीची भट्टी. उन्हाळ्यात झाडाखाली पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करायचे, त्यांच्या बिया पिळून वेगळ्या करायच्या आणि बोंडू त्याच दिवशी भट्टीवर पोचवायचे. एक रात्र वर राहिले तर त्यांना असा वास सुटतो की डुकरंही तोंड लावत नाहीत.

गोळा करायला आम्ही सहा बायका. मी घरची सून, पण लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून त्यांच्यातच पाटी वाहत आले. माहेर माझं डिचोलीजवळ सर्वणला. तिथे खाणीकडचे ट्रक रोज दारावरून जात, त्यामुळे गाडी या वस्तूचं मला कौतुक कधीच नव्हतं. सहाजणींत सगळ्यात जुनी एक मावशी होती. सिंधुदुर्गातल्या गावातून लग्न होऊन इकडे आलेली, नवरा डिचोलीकडे खाणीवर कामाला होता तो वारला, मूलबाळ नाही. उन्हाळ्याचे तीन महिने ती आमच्याकडे काम करायची आणि त्या कामावर तिचा पावसाळा निघायचा. ती उंचीने जेमतेम माझ्या खांद्याला लागायची. पण पाटी ओतण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे.

ओतायचं म्हणजे असं. पिकअपच्या मागच्या बाजूला जे लोखंडी दार असतं, त्याला फाळका म्हणतात. तो बंद ठेवायचा, कारण उघडा ठेवला तर चढावर बोंडू गडगडत खाली जातात. बाई डोक्यावर भरलेली पाटी घेऊन फाळक्याला छाती टेकवून उभी राहते, मान किंचित पुढे घालते आणि हाताने पाटीची मागची कड उचलते. पाटी डोक्यावरच आडवी होते आणि बोंडू सरळ गाडीत. पाटी खाली घेणं नाही, वर उचलणं नाही. मावशीच्या खांद्याखाली चार बोटं फाळक्याची कड यायची, आणि तेवढं तिला पुरत होतं. दिवसाला पन्नास खेपा ती अशा ओतायची आणि तोंडाचा पट्टा चालूच असायचा.

तर एका उन्हाळ्यात साधी पिकअप जांभ्याच्या पट्ट्यावर अडकली. पुढची चाकं नुसती ओढली जात होती, मागची जागच्या जागी फिरत होती. एका दिवसाचे बोंडू वाया गेले. झालं, दोघा भावांना जन्माचा विषय मिळाला.

थोरल्यांनी म्हापशाहून एक रंगीत पत्रक आणलं. त्यावर आमच्या गाडीच्याच कंपनीची मोठी पिकअप कुठल्याशा बर्फाच्या डोंगरावर उभी होती. चारही चाकांना जोर, उंच बांधणी, जाड खाचांचे टायर, पोटाखाली लोखंडी पत्रा, सगळं कारखान्यातून बसवलेलं. ते पत्रक त्यांनी सदऱ्याच्या खिशात इतके दिवस बाळगलं की घडीवर फाटून त्याचे चार तुकडे झाले. आमच्या टेकडीवर बर्फ कधी पडलं होतं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं. डिचोलीचा एक मेस्त्री खाणीवरच्या जीपगाड्या दुरुस्त करून शिकलेला. तो पाट्यांखाली, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांखाली, लोखंडी ठोकळे घालून गाडी वीतभर उचलून देतो, लांब शॉक अब्सॉर्बर टाकतो, हवे तसले टायर चढवतो. "कंपनीवाल्यांक आमची वाट खंय म्हायत?" नवरा म्हणायचा. "मेस्त्री येवन बघून गेलो. जितक्या व्हया तितक्याच करतलो."

"आनी उद्या पाटो मोडलो तर कोणाच्या दारात जातलंस?" थोरले विचारायचे. "कंपनीची वॉरंटी आसा. मेस्त्रीची काय आसा? बिडी?"

मेस्त्री खरोखरच येऊन वाट बघून गेला होता. गुडघ्यावर बसून त्याने दगड हाताने चाचपले, माती चिमटीत घेऊन बघितली. मग आमच्याकडे जेवला, दोनदा भात मागून घेतला आणि चार बाजूंनी गाडी मोजली. आम्ही बायका तेव्हा दहा पावलांवर बोंडू पिळत होतो. आमच्याकडे बघून तो म्हणाला, "वयनी, सोलकढी बरी जाल्ली हां." त्याची आमच्याकडची चौकशी इथेच संपली.

पुढच्या काजूच्या हंगामाआधी नवऱ्याने कोणाला न सांगता गाडी डिचोलीला नेली. आठ दिवसांनी ती परत आली तेव्हा पोरं अंगणात नाचली. पुढे जाड लोखंडी बंपर, टपावर चार दिवे, चाकं माझ्या कमरेला लागणारी. भट्टीवर दिवसा काम चालतं, ते चार दिवे कोणाला दिपवायला होते देव जाणे. नवरा गाडीभोवती फिरत होता आणि ओठातल्या ओठात हसत होता. हा माणूस आमच्या लग्नात इतका खूश दिसला नव्हता.

चढ मात्र तिने घेतला, खोटं कशाला बोलू. जांभ्याच्या पट्ट्यावरून ती घरंगळली नाही, सरळ वर आली. मावशी पहिली पाटी घेऊन मागे गेली आणि थांबली. फाळक्याची कड तिच्या नाकासमोर होती. तिने मान पुढे घातली, पाटी कडेला अडली, अर्धे बोंडू तिच्याच अंगावर पडले. मी उंच, मला जमत होतं. बाकीच्यांना निम्मंशिम्मं. मावशीला नाही.

"फाळका उघडा टाक आनी भर," नवरा केबिनमधूनच म्हणाला. उघडून भरलं. वळणावर पाचसहा पाट्यांचे बोंडू वाटेवर सांडले आणि त्याने आम्हालाच शिव्या घातल्या. मग कोणीतरी एक चिरा आणून मागे ठेवला. जांभ्याचा तासलेला दगड, वीतभर उंच, जेमतेम दोन पावलं मावतील एवढा. डोक्यावर ओझं घेऊन मावशीने त्याच्यावर चढायचं, ओतायचं, उतरायचं. गाडी पुढे गेली की चिरा उचलून पुढे न्यायचा, तोही तिनेच. तिचा तोंडाचा पट्टा त्या उन्हाळ्यात बंद पडला.

गाडीनेही नवऱ्याला फार सुख दिलं नाही. सपाट रस्त्यावर जरा वेग घेतला की स्टिअरिंग थरथरायचं, वळताना टायर मडगार्डला घासायचे. पासिंगच्या दिवशी त्याने शेजाऱ्याकडून साधे टायर मागून आणले, दिवे काढले, बंपर काढला. आपल्याकडे सगळेच असं करतात, पासिंगपुरती गाडी साळसूद दिसली की झालं. पण तपासणाऱ्याने वाकून पाट्यांखालचे ठोकळे बघितले आणि गाडी परत पाठवली. नवरा दोन दिवस जेवला नाही. थोरले दोन दिवस नाकाने कांदे सोलत होते. मला दोघांचाही सारखाच वीट आला होता.

शेवटी पावसानंतरच्या एका दुपारी दोघे ओसरीवर बसले होते, मी चहा घेऊन गेले. थोरले म्हणाले, "आता हिकाच इचारूया. ही रोज गाडीबरोबर आसता. सांग गो, कंपनीची घेवया, की हीच परत नीट करून हाडूया?"

घरात काय आणायचं, काय विकायचं, यात माझं मत तोवर कोणी घेतलं नव्हतं. सतरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं. मी ताठ झाले. मेस्त्रीचा भात आठवला, नवऱ्याच्या शिव्या आठवल्या, त्याची जिरवायची संधी समोर दिसली. शिवाय थोरल्यांचं म्हणणं खरंही होतं. जे एकत्र विचार करून बनवलेलं असतं ते एकमेकाला सांभाळून घेतं. स्टिअरिंग, पाटे, टायर, सगळं एकाच हिशोबाने. मी हे सगळं मोठ्या तोऱ्यात बोलले. म्हटलं, "कंपनीचीच घ्या."

थोरल्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं जणू निवाडा झाला. मीही तसंच बघितलं. चहा तिथे ठेवून मी आत गेले, आणि मला अगदी मनापासून बरं वाटलं.

नवी पिकअप आली. थोरले म्हणाले होते तशीच निघाली. थरथर नाही, घासणं नाही, पासिंगची कटकट नाही. टेकडी ती अशी चढली की नवऱ्याने गप्पच बसावं. केबिनमध्ये तर सोफा घातल्यासारखी बैठक. काजू सुरू झाल्याच्या पहिल्या सकाळी मी पुढे बसून वर गेले. उतरताना मला दोनदा पाय शोधावा लागला, तेव्हाही माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही.

मावशी पाटी घेऊन मागे आली. फाळका मेस्त्रीच्या गाडीइतकाच उंच होता. एखादं बोट जास्तच. तिने पाटी डोक्यावर धरून एकदा फाळका बघितला, मग झाडाखालचा तो जुना चिरा उचलायला गेली.

आठवडाभर तिने तसं काढलं. नवव्या की दहाव्या दिवशी चिरा खडीवरून सरकला. ती पाटीसकट मागे पडली आणि उजव्या हातावर आली. तिला त्याच गाडीतून पेडण्याला नेलं. मनगट मोडलं होतं. वाटेत गाडीला एक धक्का बसला नाही, तर थोरले मला म्हणाले, "बघ, कंपनीची सस्पेन्शन." मला तेव्हा त्यांचा गळा धरावासा वाटला होता. अजूनही वाटतो.

फाळका खाली आणता येईल का, हे दोघा भावांपैकी एकानेही विचारलं नाही. त्यांनी सोपा उपाय काढला. दोन उंच गडी कामावर घेतले, बेळगावकडचे, गोळा करायलाही तेच आणि भरायलाही तेच. माझ्यासारख्या उंच तिघी राहिल्या. बुटक्या तिघी नकोत. आणि हे मावशीला जाऊन सांगायचं कोणी, तर मी. "तुझीच ती. तूच सांग," नवरा म्हणाला, आणि आरशात बघून केस विंचरू लागला.

मी मावशीच्या घरी चालत गेले. दीड मैल. गाडीतून जायची मला लाज वाटली. ती जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात बसून डाव्या हाताने सुपातले तांदूळ निवडत होती, उजवा हात पांढऱ्या प्लास्टरमध्ये. मला बघून तिने पाट सरकवला. मी घडाघडा सांगून टाकलं. गडी आले, या वर्षी नको, पुढच्या वर्षीही बहुतेक नकोच. तांदळातला एक खडा तिने काढून बाहेर टाकला.

"त्यापेक्षा बुटकी गाडी मिळाची नाय खंय?"

"मिळायची," मी म्हटलं.

"मगे? घेताना कोणाकच इचारूक नाय त्यांनी?"

नाही म्हटलं असतं तर ते तिने मानलं असतं. भावांना दोन शिव्या दिल्या असत्या, मी चार दिल्या असत्या, आणि आम्ही दोघी मिळून चहा प्यायलो असतो. शिव्या माझ्या तोंडावर तयारच होत्या. पण तिच्या मनगटाकडे बघून खोटं बोलवेना.

"विचारलं. मलाच विचारलं. मी म्हटलं, कंपनीची घ्या."

तिचा हात सुपात थांबला. ती रागावली नाही, निदान मला तसं दिसलं नाही. मान वर करून तिने माझ्याकडे बघितलं. मी अजून उभीच होते, पाटावर बसलेच नव्हते.

"माझी उंची तुका म्हायत होती मां गो?"

"होती," मी म्हटलं.