वरूडच्या संत्र्याचे प्रात्यक्षिक

जन्मभर इतरांच्या चुकांवर तांबडी शाई फिरवणाऱ्या बाईने स्वतःची फजिती कोणत्या तोंडाने सांगावी? पण मंडळी, आता सोयरीक पक्की झाली आहे. तेव्हा चहा निवण्याआधी ऐकून घ्या.

माझी भाची मृणाल परदेशात, लेसरने अणूंचे संलयन घडवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. ती सुट्टीवर आली, तेव्हा तिला पाहायला वरूडची मंडळी अकोल्यास आमच्या घरी आली. सोबत स्वतःच्या बागेतील संत्र्यांची करंडी. मुलगा-मुलगी एकमेकांस पसंत होतीच. उरला होता केवळ मुलाच्या आईचा होकार.

या ताईंनी मृणालला तिचे काम विचारले. उत्तर मी दिले! वर्गातली सवय, दुसरे काय? सांगितले, की ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळीवर चहूबाजूंनी लेसर सोडतात, ती आत दबते, सूर्यासारखी पेटते आणि न्यूट्रॉन नावाचे कण बाहेर उडतात.

ताईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "म्हंजे पोरगी बॉम्ब बनवून राहिली का?"

"छे, छे. अगदी लहानसा, नियंत्रित स्फोट असतो."

मुलाच्या वडिलांनी दाराजवळच्या आपल्या चपला कुठे आहेत ते पाहून घेतले.

येथे मी थांबावयास हवे होते, नाही का? परंतु प्रात्यक्षिकाविना धडा पुरा होत नाही, हे माझे ठाम मत. मी एक संत्रे सोलले, तळव्यांत धरले, "सर्व बाजूंनी सारखा दाब दिला, की..." असे म्हणत दाबले.

चिळकांडी थेट ताईंच्या डोळ्यांत! उरलेला रस रेशमी साडीवर.

स्थळ गेले, असेच मी समजले. मृणालने मात्र ओला रुमाल आणून त्यांचे डोळे पुसले आणि ती शांतपणे म्हणाली, "काकू, मावशीचा अंगठा या बाजूनं जास्त दाबला गेला, म्हणून रस तुमच्याकडे उडाला. माझं काम एवढंच. न्यूट्रॉन कोणत्या बाजूला जास्त वेगानं उडाले ते मोजायचं, आणि दाब कुठं कमीजास्त झाला ते सांगायचं."

ताईंनी एक डोळा उघडून आधी साडीकडे, मग माझ्याकडे पाहिले. "म्हंजे बिघडवते दुसरंच कोनी, अन् तू निस्ती चूक पकडतं?"

"हो, काकू."

"मंग आपल्याले पसंत आहे पोरगी. असं मानूस घरात पायजेच."

मी सुटकेचा असा काही दीर्घ निःश्वास सोडला, की ताईंनी घाबरून पुन्हा दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले.