दारावर लावलेला नेवेनाचा चेहरा

माझे धाकटे दीर, स्तामेन भावोजी, आमच्या गावातल्या मयतांचे कागद, म्हणजे फोटोसकट निधनाच्या सूचना, छापतात. मेल्यावर चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षाला तोच फोटो पुन्हा दारांवर, खांबांवर लागतो. त्यामुळे चेहऱ्याचा करडा रंग दर वेळी तसाच यावा लागतो.

परवा त्सोन्का आजी नवऱ्याचा कागद नाचवत आल्या. "स्तामेन, चाळिसाव्याला बरा होता रे माझा माणूस! आता हिरवा पडलाय. वर जाऊन कावीळ झाली की काय?"

भावोजी हसले नाहीत. प्रिंटर रंगीत शाया मिसळून करडा बनवतो. तो ट्यूबलाइटखाली नीट दिसतो आणि उन्हात हिरवट दिसतो. त्यांनी नुसत्या काळ्या-करड्या शाया घातल्या, कागद एकच ठरवला, छापलेलं रात्रभर वाळू दिलं. मयताच्या चेहऱ्यावर प्रयोग नकोत म्हणून फोटो घेतला बायकोचा, नेवेनाचा. आज सकाळी घराच्या पुढच्या भागातल्या दुकानाच्या काचेच्या दारावर तिचे काळेपांढरे चेहरे ओळीनं चिकटवले आणि उजेडात कसे दिसतात ते पाहायला रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले.

आजच तिला पोटातली गाठ काढायला इस्पितळात जायचं होतं. गावाला ते ठाऊक होतं. भावोजींच्या डोक्यात फक्त रंग.

नेवेना पिशवी घेऊन बाहेर आली, तर उंबऱ्यावर मेणबत्ती जळत होती. शेजारी दोन फुलं. जोडीनं फुलं आम्ही मयतालाच वाहतो. तिला पाहून मेणबत्तीजवळ उभ्या त्सोन्का आजी किंचाळल्या आणि छातीवर क्रूस काढत म्हणाल्या, "अगं बाई, तू आहेस!"

"आहे अजून," नेवेना म्हणाली आणि आत वळली. "मी नाही जायची आता."

"अगं, मी नुसता रंग बघत होतो!" भावोजी धावत आले.

"मग? जमला?"

त्यांना खोटं बोलता येत नाही. "जमला," ते मान खाली घालून म्हणाले. "सगळे अगदी सारखे आलेत."

मी तीर्थ शिंपडलं, देवमातेची प्रार्थना म्हटली, हातापाया पडले. शेवटी तिला स्वयंपाकघराच्या दारानं भावोजींच्या गाडीत नेऊन बसवलं. निघताना तिनं देवमातेच्या चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुपार उलटून गेली. इस्पितळातून भावोजींचा फोन नाही. ते कागद दारावरून काढून मी टेबलावर ठेवलेत. फाडवत नाहीत, जिवंत बाईचा चेहरा आहे. जाळायचं तर नावच नको. मघाशी न राहवून त्या चेहऱ्यांवर धुतलेला टॉवेल पसरला, आणि चटका बसावा तसा ओढून काढला. मयताच्या घरातले आरसे आम्ही असेच झाकतो.