एका वेळी एकच स्क्रू

ऑफिसात तिला एकेकबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचा अभिमानच वाटे. डोळ्यांच्या रुग्णालयाची नावनोंदणी ज्या सर्व्हरवर चाले, त्याच्या सेटिंग्ज तिच्या हातात. नियम एकच: एका वेळी एकच सेटिंग बदलायची, नीट चाललं तरच दुसरीला हात लावायचा. बाकीचे चार गोष्टी एकदम बदलणार आणि मग बिघडलं कुठं म्हणून डोकं धरून बसणार. हिचं तसलं काम नव्हे. घड्याळजीची लेक ती. बाप म्हणायचा, एका वेळी एकच स्क्रू, नाहीतर घड्याळ चालतं पण कशानं चालतं ते कळत नाही.

त्याच बाबांचा डावा डोळा आता कामातून गेला होता आणि उजव्याचं ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नाव नोंदवायला मात्र त्यांनी लेकीची मदत घेतली नाही.

"तू चालवतेस ना ते? मग मला जमलंच पाहिजे."

म्हातारा हट्टी खरा, पण लेक तरी कुठं कमी होती.

नेमका त्याच आठवड्यात सर्व्हर सकाळच्या गर्दीत मान टाकू लागला. फोनवर फोन, साहेब खुर्चीमागे उभे. बाईंनी जन्मात पहिल्यांदा दोन सेटिंग्ज एका दमात बदलल्या. एकाच वेळी किती जणांना आत घ्यायचं तो आकडा वाढवला, आणि गप्प बसलेल्याला किती वेळ थांबू द्यायचं तो घटवला. सर्व्हर पळू लागला. साहेबांनी शाबासकी दिली आणि बाई हवेत तरंगतच घरी गेल्या.

घरी बाबांना नोंदणीचं विचारलं की म्हणत, "होईल गं, घाई काय आहे."

सुट्टीच्या दिवशी चहा घेऊन ती त्यांच्या मागे उभी राहिली. घड्याळं उघडताना लावायचे ते भिंग उजव्या डोळ्याला लावून बाबा एकेक अक्षर शोधत होते. मध्येच डोळा पुसत होते. शेवटचा रकाना भरून त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर आलं: तुमची वेळ संपली आहे, पुन्हा सुरुवात करा.

बाबा निमूटपणे पहिल्या रकान्यावर गेले.

"असं रोज होतं?" तिनं विचारलं.

"माझंच बोट चुकत असणार. तुझं कसं चुकेल?"

माणूस रकाने भरत असतो, आणि सर्व्हरला वाटतं तो गप्प बसलाय. असे किती म्हातारे तिनं दारातून परत पाठवले असतील, देव जाणे. स्वतःचाच तिला संताप आला.

"बाबा, पुन्हा भरा. तुमच्या गतीनं." आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताच तिनं थांबू देण्याची वेळ वाढवली. फक्त तेवढंच. साहेब हबकले.

"पुन्हा बंद पडलं तर?"

"नाही पडणार. पडलं तर माझ्या नावावर."

गर्दी आली, गेली. सर्व्हरनं हूं की चूं केलं नाही. मग घरून फोन आला.

"लागलं नाव," बाबा म्हणाले. "आज कुणी हाकललं नाही."

साहेब पडद्याकडे बघत होते. "हा आकडा काढलात कुठून?"

"आमच्या बाबांना लागतो तेवढा वेळ," ती म्हणाली. "वर थोडा डोळा पुसायला."