आठामागं एक तास

"नाना, गोफन खाले ठेव. पाव्हना जेवी राह्यनात!"

अक्का बांधावरून ओरडत होती. तिचा आवाज असा, की जामनेरच्या स्टँडवर धुळ्याची सुटलेली गाडी थांबायची आणि कंडक्टर विचारायचा, कोण राहिलं? थोडं वाढवून सांगतोय. गाडी तशीही वेळेवर सुटत नसे. बांधापलीकडं तिचा दीर नाना गोफण घेऊन उभा होता, आणि पाहुणे म्हणजे अक्काच्या ज्वारीवर बसलेल्या चिमण्या न् साळुंक्या.

"वहिनी, तुमचे पाव्हने जेवतात तुमच्याकडं," नाना म्हणाला, "आन् हात धुवायला येतात माझ्या ज्वारीत."

अक्का माहेरची धुळ्याकडची. नवरा गेल्यावर शेत तीच बघायची, तेही वडिलांच्या रीतीनं. कपाशीची आठ तासं पेरली की नववं ज्वारीचं, तेही पाखरांसाठी. आम्ही शेतातल्या ओळीला तास म्हणतो, हे शहरातून आलेल्या एका शेतकी साहेबांना कुठून ठाऊक? त्यांनी विचारलं, "पाखरांसाठी काय करता?" अक्का म्हणाली, "आठामागं एक तास." साहेबांनी वहीत लिहून घेतलं, की बाई दर आठ तासांनी तासभर पक्ष्यांना खाऊ घालतात. पुढं वर्षभर गावात कोणी वेळ विचारली, की उत्तर ठरलेलं: अक्काच्या चिमण्यांना विचार.

"आधी दाना, मंग अळी," अक्का सांगायची. "जेवनले तोंडी लावाले काही लागस ना." आणि खरंच, ज्वारीवरून उतरलेली पाखरं कपाशीत शिरून बोंडअळ्या टिपायची. मी एक साळुंकी पाहिलीय, अळ्या खाऊन इतकी जड झाली होती की पायी घरी गेली.

तरी वेचणीनंतर ओसरीत दोघांच्या कापसाचे ढीग लागले, की नानाचा वीतभर उंच निघायचा. नाना मुद्दाम हात लावून मोजायचा. अक्का म्हणायची, "वीतभर तर पाव्हना खातीनच."

आता जे सांगतो, त्यात काही वाढवलेलं नाही.

मी तेव्हा जामनेरला फवारणीच्या औषधांच्या दुकानात बसायचो. औषध हा आमचा शब्द. अक्का त्याला जहरच म्हणायची. त्या वर्षी अळी बेसुमार आली. अक्का मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला बहिणीकडं गेली होती. तिचा मुलगा मधू घाबराघुबरा होऊन दुकानात आला. सगळ्यात जहाल डबा मी काढून दिला. जाता जाता त्यानं विचारलं, "ज्वारीच्या तासावर पण मारू का? माव्याची कीड पडलीय." मी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं सामान बांधत होतो. म्हटलं, "मार की. मावाही जाईल."

चार दिवसांनी अक्का डोळ्याला हिरवी पट्टी लावून आली ती थेट शेतात. त्या दिवशी ती ओरडली नाही. कापूस वेचायला बांधतात तशी तिनं लुगड्याची ओटी बांधली आणि नवव्या तासातून वाकून चालत गेली. साळुंक्या, चिमण्या, एक पोपट. ओटी भरली, बांधाशी रिकामी केली, परत बांधली. नाना गोफण टाकून कुदळ घेऊन आला. दोघांनी मिळून खड्डा केला. मी पलीकडं उभा होतो. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या वर्षी तिचा ढीग नानाच्या ढिगापेक्षा वीतभर उंच निघाला. मधूनं आनंदानं हाक मारली. अक्का ओसरीत आली नाही.

पुढची दोन वर्षं तिनं नववं तास पेरलं, फवाऱ्याला हात लावू दिला नाही. कणसं भरली, वाळली, जशीच्या तशी उभी राहिली. ती बांधावर बसून आभाळाकडं बघायची. मोतीबिंदू निघाला होता, दिसायचं सगळं. तिसऱ्या वर्षी पेरणीआधी ती गेली.

त्या सालीही अक्काच्या शेतात नववं तास ज्वारीचंच दिसलं. नानानं पेरलं होतं. कणसं भरली तेव्हा मी गेलो, तर नाना मोकळ्या हातानं बांधावर बसलेला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "नाना, गोफण कुठंय? ज्वारी राखायची ना?"

नाना म्हणाला, "कोणापासून?"