शैलाच्या मागची झाडं

माणिकबाईंनी उभ्या जन्मात कुठलंच काम मागे पडू दिलं नव्हतं. राजापेठेतल्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, तर निकालपत्रकं सगळ्यांच्या आधी त्यांची तयार. मे महिन्यातल्या वादळात परतवाड्याकडची त्यांची कडुनिंबाची झाडी आडवी झाली, तेव्हाही आठवड्याच्या आत त्यांनी लाकूड गावाला जळणासाठी देऊन टाकलं, जेसीबीनं बुंधे उपटले आणि पाऊस पडताच नवी रोपं लावली.

बांधापलीकडची झाडी धाकट्या जावेची, शैलाची. तिची झाडं श्रावणापर्यंत तशीच लोळत होती. रोपं लावली ती गणपतीत, तीही वाकड्या ओळींत.

आणि शेतसाऱ्यात सूट मिळालेल्यांच्या यादीत नाव लागलं ते शैलाचं.

सूट ती केवढीशी! पण शैला यादीत आणि आपण नाही, हे माणिकबाईंच्या घशाखाली उतरेना. तलाठ्यानं समजावलं, की वादळात पडलेल्या झाडांच्या जागी लावलेली रोपंच सवलतीत बसतात, आणि पंचनाम्याच्या दिवशी तुमच्याकडे पडलेलं एकही झाड नव्हतं. सोमवारपर्यंत पुरावा आणा.

पुरावा गावातल्या चुलींत जळून गेला होता.

दोन दिवस मनाची घालमेल झाल्यावर त्या शेवटी शैलाच्याच ओसरीवर गेल्या. शैलानं चहा ठेवला आणि मोबाईल पुढे केला.

"वादळाच्या दुसऱ्या दिवशीचा फोटो हाय, बाई. मांगं तुमचीच झाडं पडली हायेत."

होती खरी, एकूण एक. पण पुढे, आडव्या खोडावर पाय ठेवून, वाघ मारल्यासारखी शैला उभी होती.

"तू नसलेला एखादा नाही का?"

"माह्यासाठीच तं काढला होता ह्याईनं. तुमी कावून नाही काढला?"

"मी आवराआवर करत होते."

"तेच तं. तुमाले लय घाई."

घरी येऊन माणिकबाईंनी फोटोतून शैला कापून पाहिली. तलाठ्यानं तो परत केला. झाडं कुणाच्या हद्दीतली ते दाखवणारा बांधाचा दगड नेमका शैलाच्या पायाशी होता, त्यामुळे फोटो अख्खाच हवा.

अर्ज मंजूर झाला. फाइलमध्ये शैलाचा पानभर रंगीत फोटो लागला. अर्जाच्या कोपऱ्यात अर्जदार म्हणून माणिकबाईंचाही होता, टिकलीएवढा.