सोनूमावशीचा पाहुणा

सोनूमावशी घरामागच्या उंबराखालचा पाला कधीच ओढत नसे. पेठकडच्या तिच्या पाड्यावर राब भाजायला, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन भाजायला, बायका उन्हाळाभर जंगलातला पाचोळा डोक्यावरून वाहतात. मावशी लांबच्या टेकडीवरून भारा आणी, पण ही हाताशी असलेली जागा सोडून देई. सून कुरकुरे. "तिथं पाहुणा यायचा हाय," एवढंच मावशी म्हणे.

पाहुणा म्हणजे एपिपोजियम. ना पान, ना हिरवा रंग. मातीतल्या बुरशीवर जगणारं, आठवडाभर दिसून नाहीसं होणारं पांढुरकं ऑर्किड. नाशिकच्या कॉलेजात मी वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होते, पण ही प्रजाती फक्त पुस्तकात पाहिलेली. रानफुलं शोधत पाड्यावर गेले, तेव्हा मावशीने हात धरून नेलं. "बस खाली. हुभ्यानं दिसत नाय तो."

बसले, पाहिलं आणि मला हाव सुटली. "मावशी, एक गड्डा नेते."

"नको, बाई. त्याचं पोट मातीत हाय. तुझ्या कुंडीत काय खाईल तो?"

मी वर्गात शिकवते तेच ती सांगत होती. तरी ती पाणी आणायला गेल्यावर मी मातीसकट गड्डा उचलला. माझ्या गच्चीवर तो चार दिवसांत काळा पडला. पुढच्या वर्षी पाहुणा आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मावशी एका शब्दाने बोलली नाही. पाला मात्र राखत राहिली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या मे महिन्यात तिला नाशिकला दवाखान्यात आणलं. हाताच्या काड्या झालेल्या. मला बघताच म्हणाली, "पाड्यावर जाऊन आलीस? आला का गं?"

"आला, मावशी. दोन आलेत," पाड्यावर न जाताच मी सांगितलं.

ती हसली. उशाशी बसलेल्या सुनेला म्हणाली, "ऐकलंस? तिथला पाला ओढू नको." तिसऱ्या दिवशी ती गेली.

यंदा मी पाड्यावर गेले. उंबराखाली घोटाभर पाचोळा साचला होता. गुडघ्यांवर बसून इंच न् इंच पाहिला. काही नव्हतं. तेवढ्यात सून टेकडीवरून भारा घेऊन आली. मान पार वाकलेली. भारा टाकून ती माझ्याजवळ बसली.

"मला काय अजून दिसला नाय, बाई. तुमची नजर शिकलेली. हाय ना पण?"

खरं सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं आणि "हो" म्हणाले.