नाहूर ते बोरिवली, सादळलेल्या चकलीसोबत

या ब्लॉगवर तुम्ही गडकिल्ले वाचायला येता, म्हणून आधीच सांगते: या वेळी नाहूर, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली एवढंच आहे आणि यातून कोणीही ताजंतवानं होऊन परतलेलं नाही. घरगुती फराळ विकणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडलं तर पडेल.

चकल्यांचा धंदा माझ्या ताईचा. आमचं लहानपण गोवंडीत गेलं. डंपिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याच्या डोंगराचा धूर खिडकीतून थेट जेवणाच्या ताटापर्यंत यायचा. नोकरी सोडून ताईने भाजणीच्या चकल्या विकायचं ठरवलं, तेव्हा तिची एकच अट होती, माझी पिशवी त्या डोंगरावर जाणार नाही. तिने मातीत कुजणाऱ्या, प्लास्टिकसारख्या दिसणाऱ्या फिल्मच्या पिशव्या मागवल्या. तपासल्याही, आपल्या पद्धतीने: पिशवीत पाणी भरलं, तोंड घट्ट बांधलं आणि रात्रभर कपड्यांच्या दोरीवर टांगली. सकाळी खालची फरशी कोरडी. एक रिकामी पिशवी कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली, कुजते का बघायला, आणि गणपतीसाठी बोरिवलीच्या एका दुकानात माल पाठवला.

आठवड्याभरात दुकानदाराचा फोन. "ताई, तुमची चकली मोडत नाही, वाकते."

म्हणून हा प्रवास. अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत पिशवी तपासायला दिली होती, तिथे निकाल घ्यायचा आणि तसंच पुढे बोरिवलीला जाऊन दिवाळीच्या ऑर्डरचं बोलायचं. ती ऑर्डर हातची गेली तर धंदा बंद आणि ताईने पन्नाशीत पुन्हा नोकरी शोधायची, इतकं ते सरळ होतं.

नाहूरहून घाटकोपर, तिथून मेट्रो. तिकीट फोनवर काढा, रांग वाचते. चकालाला उतरलो. एमआयडीसीतलं जवळचं भाडं रिक्षावाले घेत नाहीत, चालायची तयारी ठेवा. बाहेर ऊन आणि हवा अशी ओली, की ताईचा चष्मा धुरकटला. ती म्हणाली, "ही हवाच खातेय गं मला." मी हसले. हसायला नको होतं.

प्रयोगशाळेतल्या मॅडम समजूतदार होत्या. त्यांनी एक वाटी दाखवली. आत ओल शोषणारी पूड, वर आमची पिशवी ताणून बसवलेली, कडा मेणाने बंद. ही वाटी दमट कपाटात ठेवायची आणि मधूनमधून वजन करायचं. वजन वाढलं तेवढी ओल फिल्ममधून आत गेली. आमच्या वाटीचं चांगलंच वाढलं होतं.

"पण भोक नाहीये हो," ताई म्हणाली. "मी पाणी भरून टांगली होती. थेंब गळला नाही."

"गळणारच नाही. ते पाणी म्हणून जात नाही, वाफ म्हणून जातं. हवेतली ओल फिल्ममध्ये मुरते आणि पलीकडून निघते. त्याला भोक लागत नाही."

"म्हणजे सादळतं."

मॅडम थांबल्या. "हो. आमच्याकडे मोठं नाव आहे, पण तेच."

"जाड घेतली तर?"

"उशिरा सादळेल. आतून प्लास्टिकचं नाहीतर धातूचं अस्तर लावलं तर थांबेल, पण मग कुजायचं राहिलं. कुजणारी अस्तरंही निघालीत, तुमच्या एवढ्याशा मालासाठी कोणी देणार नाही."

"निदान कुंडीत तरी कुजेल ना?"

"मोठ्या खताच्या ढिगाची ऊब लागते तिला. कुंडीत किती वेळ लागेल, मी सांगू शकत नाही."

खाली वडापाव घेतला. ताईने अर्धा माझ्या हातात दिला. तिची भूक मेली होती.

गुंदवलीहून दुसऱ्या मेट्रोने बोरिवली. उजवीकडे नॅशनल पार्कचे डोंगर फार सुंदर दिसतात, ती बाजू पकडा. ताई डावीकडे बघत होती.

दुकानदार माणूस वाईट नाही. गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या चकल्यांचे खोके त्याने पंख्याखाली ठेवले होते, जणू त्याने काही फरक पडणार होता. "दिवाळीचा माल घेतो ना ताई, चव तर झकास आहे. फक्त साध्या प्लास्टिकमध्ये द्या."

"आणि नाही दिला तर?"

"तर मग मी काय करू, तुम्हीच सांगा."

ताई म्हणाली, "कळवते."

परत घेतलेले खोके सोबत होते म्हणून बसने आलो. लिंक रोडला पवईपाशी तासभर अडकलो, संध्याकाळी हा रस्ता टाळा. ताईने एक पिशवी फोडून चकली वाकवली. तुटेपर्यंत वाकवत राहिली. मग खाल्ली. "चव राहिलीय," एवढंच म्हणाली. मला रडू आलं आणि मी खिडकीबाहेर बघितलं.

नाहूरला घरी पोचल्यावर ती चप्पल न काढताच गॅलरीत गेली आणि कुंडीतली माती बोटांनी उकरायला लागली. पिशवी निघाली. जशीच्या तशी. चिकटलेल्या मातीखाली छापलेली अक्षरंही वाचता येत होती, तिनेच हौसेने लिहून दिलेली: मातीतून आली, मातीत जाईल.

चकलीपर्यंत ओल पोचू द्यायला या पिशवीला आठवडा पुरला, आणि मातीला मात्र तिने दाद दिली नव्हती.

ताईने ती धुतली. दुधाच्या पिशव्या धुते तशी, उलटी करून, साबण लावून. दोरीवर चिमट्याने अडकवली.

"प्लास्टिकच्या मागव," ती म्हणाली. "तूच मागव. मला फोनवर ते बोलवणार नाही."

मी मागवल्या. दिवाळीच्या चकल्या कुरकुरीत गेल्या, दुकानदार खूश आहे. धुतलेली पिशवी अजून दोरीवर आहे. ताई कपडे तिला न हलवता, तिच्या बाजूबाजूने वाळत घालते.